मोरव्याचं तळं रिकामं करण्याबाबत

मी, कोंडिराम सटवाजी वाव्हळे, वय वर्षे चौसष्ट, धंदा मातीकाम आणि मासे, राहणार जेसल पार्क, भाईंदर पूर्व, हा कागद आज स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. बुद्धी ठिकाणावर आहे. दारू उभ्या जन्मात घेतली नाही, तेव्हा तीही शंका नको. असल्या कागदात एवढं लिहिलं की पुरतं, असं वकील उर्मिलाताई सांगून गेल्या. मला मात्र एक ओळ जास्तीची घालायची आहे, कारण आमच्या घरात सध्या वाद बुद्धीबद्दल नाही. तर ती ओळ अशी: माझे कान शाबूत आहेत.

आषाढात मी मोरव्याच्या तळ्यावर, बांधाच्या पायऱ्यांवरून घसरलो आणि मांडीचं हाड मोडलं. आत धातूची पट्टी बसवली, तिथं पू झाला. उद्या पुन्हा दवाखान्यात भरती व्हायचं आणि परवा ती पट्टी काढायची. छाती कमजोर आहे, भूल सोसेल की नाही सांगता येत नाही, हे डॉक्टर मला बोलले नाहीत. बाहेर पॅसेजमध्ये माझ्या मुलाला, लोकेशला, बोलले. दार बंद होतं. मी ऐकलं.

त्याच डॉक्टरांनी असंही सांगितलं की पुवासाठी चालू असलेल्या इंजेक्शनांनी कानात आवाज येऊ शकतात. येत असतील पुष्कळांना. डॉक्टर खोटं कशाला बोलतील? पण त्या दिवसापासून मी काही ऐकलं म्हटलं की घरातली माणसं एकमेकांकडे बघतात आणि मला मोसंबीचा रस देतात. मोसंबी पिऊन माझं पोट भरलं, पण मोरव्याचा बांध काही भरून निघाला नाही. म्हणून हे सगळं कलमवार लिहितो.

१. कानांचा पुरावा.

माझी सून रश्मी गेल्या आठवड्यात स्वयंपाकघराचं दार लावून, मिक्सर चालू ठेवून तिच्या आईशी बोलत होती. हॉलमध्ये माझा पलंग टाकल्यापासून सोफा बाल्कनीत गेला आणि पावसात फुगला, असं तिचं म्हणणं. खरं आहे तिचं. सोफा चांगला होता.

माझी बायको कमळाबाई शेजारच्या घरात बसून म्हणाली, "मला काय थोपटलं नसेल तेवढं त्या बांधाला थोपटलंय ह्यांनी." शेजारीण हसली, आणि त्यानंतर कमळाबाई हसली नाही.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी हरिश्चंद्र राऊत जिन्यात वॉचमनला म्हणाले, "थर्ड फ्लोअरचे डबकेवाले काका सीरियस आहेत. लिफ्टपाशी बोर्डावर लिहावं लागेल, खडू आहे का बघून ठेव."

हे मी इंजेक्शन चालू असताना ऐकलं आहे. वरील तिघांनी हे खोटं आहे असं सांगावं. सांगता येत नसेल तर पुढचं मुकाट्याने वाचावं.

२. जेसल पार्कमधली ही जागा कमळाबाई हयात असेपर्यंत तिची, तिच्यानंतर लोकेशची. कमळाबाईला गावी पाठवू नये. तिकडे तिला ओळखणारं आता कोणी उरलं नाही, आणि इथं तिला भाजीवाल्यापासून विहारातल्या बायांपर्यंत सगळे ओळखतात. मी गेल्यावर माझा पलंग काढून टाकावा आणि नवीन सोफा घ्यावा. रंग रश्मीने ठरवावा. पोस्टात जे काही आहे ते कमळाबाईच्या औषधपाण्याला. त्यात कोणी हात घालू नये.

३. माझी हत्यारं. फावडी, घमेली, टिकाव लोकेशने मातीकाम करणाऱ्या कोणाही गरजवंताला द्यावीत, भंगारात घालू नयेत. पाणी भरून दोन टोकांची उंची बघायची जी पारदर्शक नळी आहे, ती माझी नात सान्वी हिला. तिला शाळेत विज्ञान आवडतं. पाणी सगळीकडे सारखंच उभं राहतं, माणूस कुठलाही असो, एवढं तिला त्या नळीतून दिसलं तरी नळीचं चीज झालं.

४. सोसायटीचे सेक्रेटरी हरिश्चंद्र राऊत यांनी माझ्या तळ्याला आजवर डबकं म्हटलं. दोन वेळा जनरल बॉडी मीटिंगमध्येही म्हटलं. त्यांना मी माफ करणार होतो, पण खडूचं ऐकल्यापासून विचार बदलला. त्यांच्यासाठी एवढंच सांगून ठेवतो की या भागातल्या बऱ्याच इमारतींच्या पायाखालची भरणी मी केलेली आहे आणि खाली मूळचं काय होतं ते मला माहीत आहे. मी ते कोणाला सांगितलं नाही. राऊतसाहेब शांत झोपतात ते त्यामुळे.

५. आता तळं.

मी जालन्याकडून भाईंदरला आलो तेव्हा अंगावरचे कपडे आणि मातीचं ज्ञान एवढीच कमाई होती. आधी मिठागरात बांध लिंपायचं काम केलं. मग मुकादम झालो, मग स्वतः ठेके घेतले. इमारती वाढत गेल्या तसा मीही वाढलो. हातात थोडा पैसा खेळायला लागला तेव्हा लोक म्हणाले दुकानाचा गाळा घे. मी मोरव्याच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याची ओढ्याकाठची जागा घेतली. तिचा तेव्हाचा मालक म्हणजे मोरव्याच्या सरूबाईचा सासरा. व्यवहार झाल्यावर त्याने मला चहा पाजला आणि म्हणाला, मास्तर, खारी जागा हाय, गवत बी उगवत न्हाय. मी म्हणालो, मला गवत नको.

पावसाळ्यात डोंगरावरून येणारा ओढा त्या जागेतून खाडीला जात होता. मी त्याला आडवा मातीचा बांध घातला, दोन पुरुष उंच. थर टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मसाने ठोकायचं आणि मग दुसरा थर. कमळाबाई, माझा धाकटा भाऊ पंढरीनाथ आणि मी, आम्ही तिघांनी तो बांध ठोकला. खालून पाणी सोडायला एक मोरी ठेवली, लोखंडी नळाची, वर चाक. ओढ्याचं गोड पाणी साठलं आणि खारीच्या कडेला तळं झालं. त्यात रोहू, कटला, मृगळ सोडले. पहिल्या वर्षीचा माल सरूबाईने पाटीत भरून भाईंदर पश्चिमेच्या बाजारात नेला. तेव्हापासून माझा सगळा मासा तीच विकते. ती मला दादा म्हणते आणि वजनात मला फसवत नाही. फसवलं तरी मी काही म्हणणार नाही, पण फसवत नाही.

रविवारी गळ टाकायला लोक येतात. बोरिवलीचे, मीरा रोडचे. एक गुजराती शेठ येतात, मासा खात नाहीत. पकडतात, त्याचा गळ अलगद काढतात आणि परत सोडतात. मी विचारलं तर म्हणाले, "शांति के लिए आते हैं, वाव्हळेजी." मी म्हटलं, मछली को भी पूछ लेना. ते हसले. पुढच्या रविवारी पुन्हा आले.

हा बांध आणि हे तळं मी कोणाला देतो, ते वाचायला सगळे थांबले असतील. थोडं थांबावं लागेल.

६. मी पडल्यापासून तळ्यावर पंढरीनाथ एकटा आहे. वयाने साठीकडे झुकलेला, बायको गेलेली, तळ्यावरच्या खोलीत राहतो. रोज संध्याकाळी बांधावर उभा राहून मला फोन करतो आणि तळ्याचा हालहवाल सांगतो. माणूस प्रामाणिक आहे. जे दिसेल तेच सांगतो.

श्रावण लागला तेव्हा तो म्हणाला, "आण्णा, पाझर लई झ्याक लागलाय. बांधाच्या पायाला खालचं रान ओलं झालंय."

तो आनंदाने सांगत होता. मी पलंगावर उठून बसायला गेलो आणि मांडीत कळ आली.

इथं वाचणाऱ्याला एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे. आमच्याकडे मराठवाड्यात पाझर तलाव असतात. ते पाझरण्यासाठीच बांधतात. तलावातलं पाणी जमिनीत मुरावं, खालच्या विहिरींना उतरावं, हाच त्यांचा हेतू. तिथं पाझर लागला की माणसं पेढे वाटतात. इथला बांध तसा नाही. इथं पाणी आत धरून ठेवायचं आहे आणि त्याच्या खालच्या बाजूला घरं आहेत. इथं बांधाच्या पायातून पाणी बाहेर आलं म्हणजे खेकड्याच्या बिळाला बीळ मिळालं आणि पाण्याला बांधातून वाट सापडली. ती वाट मग स्वतःच स्वतःला रुंद करते. पंढरीला हे मी सांगितलं होतं का? सांगितलं होतं. पण एक शब्द माणसाच्या मनात लहानपणी जसा बसला, तसाच राहतो.

त्या दिवसापासून मी फोनवर त्याचं बोलणं कमी आणि त्याच्या मागचा आवाज जास्त ऐकायला लागलो. दगडावरून वाहणारं पाणी एकसारखं बोलतं. बांधाच्या आतून जाणारं पाणी घोट घेतं. गट, मग थांबतं, मग पुन्हा गट. मध्ये थांबतं कारण आतली माती ढासळून वाट अडते, आणि पाणी ती माती ढकलून देतं. मी पंढरीला म्हणालो, फोन जमिनीला लाव. तो म्हणाला, "जमिनीला काय इचारू, तब्येत कशी हाय म्हणून?" पण लावला त्याने. आणि मी तो आवाज ऐकला.

मी घरात सांगितलं. मोसंबीचा रस आला.

७. त्यानंतर सरूबाई मला बघायला आली. बांधाच्या खालच्या अंगाला ज्या खोल्यांची रांग आहे त्यात पहिलं घर तिचं. पुढच्या घरांत आमच्याकडची बौद्ध कुटुंबं आहेत, दोन उत्तरेकडची आहेत, भरपूर लेकरं आहेत. तिथल्या विहिरी, बोअर सगळं खारट. पिण्याचं पाणी टँकरचं.

सरूबाई हसत आली. कोळंबीबरोबर तिने एक पाण्याची बाटली आणली होती. म्हणाली, "दादा, आंगनान पानी निंगालंय. खारं न्हाय, गोरं हाय. पी." गोरं म्हणजे गोड. तिच्या सासूच्या सासूपासून त्या अंगणात कोणी गोड पाणी पाहिलं नव्हतं. तिने त्या जागी हळदकुंकू वाहिलं होतं आणि शेजारच्या बायांना हंडे भरून दिले होते.

मी एक घोट घेतला. तोंडात घेताच माझं तळं ओळखलं.

तिला मी सांगितलं, सरूबाय, हा झरा नाही, माझा बांध तुझ्या अंगणात आलाय. तिने कमळाबाईकडे पाहिलं. कमळाबाईने हळूच कानाशी हात नेऊन खूण केली. मी आंधळा नाही, फक्त पडून आहे. सरूबाई माझ्या पायावरची चादर सारखी करून म्हणाली, "बरा होशील तू दादा," आणि निघून गेली.

लोकेशला मी रविवारी पाठवलं. तो अंधेरीला ऑफिसात काम करतो, आठवडाभराचा दमलेला असतो, तरी गेला, त्याचं मला कौतुक आहे. गमबूट घालून त्याने व्हिडिओ काढला आणि मला दाखवला. "पप्पा, एकदम क्लीन वॉटर आहे. लीकेज असतं तर मड आलं असतं ना?" बरोबर बोलला. स्वच्छ पाणी येतं आहे तोवर बांध फक्त घाम गाळतोय. गढूळ आलं म्हणजे तो स्वतःलाच घेऊन चाललाय. मी त्याला म्हटलं, मग गढूळ आल्यावर ऐकशील का? तो म्हणाला, ऐकेन.

काल दुपारी सरूबाईचा फोन आला. मासे कधी काढायचे विचारायला. बोलता बोलता म्हणाली, अंगणातलं पाणी आता चहासारखं लाल येतंय, पण हंड्याच्या तोंडाला फडकं बांधलं की चालतं.

मी लोकेशला ऑफिसात फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. संध्याकाळी आला तेव्हा मला ताप होता, आणि तापात मी काय बोललो ते मला आठवत नाही, पण कमळाबाई म्हणते मी ओरडत होतो की तळं सोडा, तळं सोडा. त्यामुळे त्यांची खात्रीच झाली. लोकेशने पंढरीला फोन करून सांगितलं, काका, पप्पा काहीही बोलले तरी मोरीला हात लावू नका, नंतर त्यांनाच वाईट वाटेल. पंढरीला ते पटायला वेळ लागला नाही. त्याला मोरी उघडायचीच नव्हती.

परवापासून मोठा पाऊस सांगितला आहे. तळं आताच काठोकाठ आहे.

८. म्हणून मी, कोंडिराम सटवाजी वाव्हळे, माझी स्वकष्टार्जित मिळकत असलेला मोरव्याचा बांध व तळं यांची विल्हेवाट खालीलप्रमाणे लावतो.

ते कोणालाही देत नाही. ते रिकामं करावं.

आज संध्याकाळी ओहोटी लागली की मोरी पूर्ण उघडावी. भरतीत उघडू नये, खाडी चढलेली असेल तर ओढ्याचं पाणी मागे फिरून खोल्यांतच शिरेल. उघडण्याच्या आधी खालच्या सगळ्या खोल्यांतली माणसं उंचावरच्या शाळेत न्यावीत. भांडीकुंडी, टीव्ही, काही घेत बसू नये. तळं पूर्ण उतरल्याशिवाय कोणी परत जाऊ नये. अंगणातल्या त्या पाण्याच्या तोंडावर कोणी दगड किंवा सिमेंट ठोकू नये. बुजवलं तर ते दुसरीकडून फुटेल आणि जास्त मोठं फुटेल. पाणी उतरलं की उरलेल्या माशांवर कोणाची मालकी नाही. मोरव्यातलं, खोल्यांतलं, जो कोणी स्वतःची टोपली घेऊन येईल त्याने न्यावेत. शेठ आले तर त्यांना सांगावं, यावेळी सोडायला पाणी नाही.

उर्मिलाताईंनी हे कलम वाचून मला समजावलं की काका, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं, जिवंतपणीचे हुकूम त्यात घालत नाहीत. मी म्हटलं, ताई, मी जायची वाट बांध बघणार नाही. त्या म्हणाल्या, मग विनंतीअर्ज करा. विनंती मी चार दिवस करतोय. माझ्या समाधानासाठी लोकेशने ज्या सरकारी कार्यालयात विचारलं तिथे अर्ज द्या, तपासणी होईल असं सांगितलं, आणि त्यांचंही चुकलं नाही, त्यांना रोज शंभर अर्ज येतात. माझ्या घरातली माणसं माझं बोलणं तापावर घालतात. पण सही-साक्षीच्या कागदातलं वाक्य तापात लिहिलेलं नसतं, ते ऐकून घ्यावं लागतं. म्हणून मी ते इथं घातलं.

९. हे कलम पंढरीसाठी. कागदात असं लिहीत नाहीत, मला माहीत आहे.

पंढरी, तुला गोड पाणी खाडीत सोडणं जमणार नाही हे मला आधीपासून ठाऊक आहे. परवा फोनवर तू मला म्हणालास, "पाणी समिंदरात सोडू? आईनं वर बघितलं तर काय म्हणंल?" मी तुला माशांचं विचारून विषय टाळला. त्याचं उत्तर आज देतो.

बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला आणि माती वाहायला तलावाच्या कामावर जायची. तू फार लहान होतास, तिथं वाटायच्या सुकडीच्या भांड्याशी बसायचास. त्याआधी गावच्या विहिरीवर आपल्याला दोर टाकता येत नव्हता. आई हंडा खाली ठेवून लांब उभी राहायची आणि कोणाला दया आली की तो वरून ओतायचा. कधी यायची दया, कधी नाही यायची. मग तलाव पुरा झाला, पाऊस झाला, आणि एका सकाळी आपल्या वस्तीतल्या कोरड्या आडाला आपोआप पाणी आलं. तलाव पाझरला होता. आई त्या आडाच्या काठावर बसून हसत होती आणि तू विचारत होतास, कोणी ओतलं? ती म्हणाली, कोणीच नाही रे, कोणीच नाही.

पाझर हा शब्द तुला तेव्हापासून पवित्र आहे. मलाही आहे. पण पंढरी, आईला जे पाणी मिळालं ते कोणाच्या अंगावर कोसळून आलं नव्हतं. आता खाली सरूबाईच्या अंगणात बाया हंडे भरताहेत आणि म्हणताहेत, कोणीच ओतलं नाही, आपोआप आलं. त्यांच्यासाठी आई आज जिवंत असती तर तिने काय केलं असतं, ते तू मला सांग. मी सांगत नाही. तुला तिचा लळा माझ्यापेक्षा जास्त होता.

हात जोडतो. तुझ्यापेक्षा मोठा आहे, तरी जोडतो.

१०. साक्षीदारांबद्दल.

उर्मिलाताईंनी बजावलं की ज्याला या कागदातून काही मिळतं त्याला साक्षीदार करू नये, पुढे वाद निघतो. आणि साक्षीदार दोन हवेत. घरात सगळ्यांना वाटलं की मी राऊतसाहेबांना आणि शेजाऱ्यांना बोलावीन.

मी पंढरीनाथला आणि सरूबाईला बोलावलं आहे. चहाला नाही, सहीला. पंढरी तीस वर्षं माझ्याबरोबर राबला. तळं त्याला मिळेल असं सगळ्यांनी धरलं होतं, त्यानेही. मी त्याच्या नावे एक घमेलंसुद्धा ठेवलेलं नाही. सरूबाईच्या नावेही नाही. याचं कारण राग नाही. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीला बसता येत नाही, आणि ज्याला बसता येत नाही त्याला हे सगळं शेवटच्या ओळीपर्यंत ऐकायची सक्ती करता येत नाही. मला या दोन माणसांना समोर बसवून हे वाचायचं होतं. त्यांनी एकदा ऐकलं की मग मला काही झालं तरी चालेल. त्यांच्याशिवाय दुसरं कोणी मोरी उघडू शकत नाही आणि दुसरं कोणी खोल्या रिकाम्या करू शकत नाही.

धुम्मस मी पंढरीला आज हातात देणार आहे. हातात दिलेल्या वस्तूला कागद लागत नाही.

११. वाचून दाखवल्याची नोंद.

वरचा मजकूर मी आज दुपारी पलंगावर उशीला टेकून मोठ्याने वाचला. हजर: कमळाबाई, लोकेश, रश्मी, वकील उर्मिलाताई आणि दोन साक्षीदार. पहिल्या कलमाला रश्मी उठून आत गेली आणि चहा घेऊन परत आली, साखर जरा जास्तच घातलेली होती. कमळाबाईने मान वर केली नाही. सातव्या कलमापाशी सरूबाईने मला मध्येच थांबवलं आणि विचारलं, "म्हंजे मी पाजलं ते तुजंच पानी?" मी हो म्हटलं. तिने तिथल्या तिथे सुनेला फोन लावला. "सगल्यांना घेऊन शालेन जा. न्हाय, हंडा नको. हंडा ठेव तिथंच." मग तिने माझ्याकडून पेन घेतलं आणि सही केली. पुढचं ऐकायची मला गरज नाही म्हणाली, तरी थांबली.

नववं कलम मला सलग वाचता आलं नाही. दोनदा थांबलो. तिसऱ्यांदा लोकेशने कागद माझ्या हातातून घेतला आणि त्याने वाचलं. तो हे पहिल्यांदाच वाचत होता. त्याच्या आजीचं हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

वाचून झालं. पंढरी खाली मान घालून बसला होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो आणि मला काही कळत नव्हतं. चाळीस वर्षं माती बघून पाणी सांगणारा माणूस मी, सख्ख्या भावाच्या तोंडावरून काही सांगू शकलो नाही.

शेवटी तो म्हणाला, "आण्णा, ते चाक कोण्या अंगाला फिरवायचं? मी कधी फिरवलंच नाही."

मी सांगितलं, उजवीकडे. गंजलं असेल, आधी घासलेट सोड. एकदम उघडू नको, हळूहळू घे, आणि हाताला थरथर जाणवली तर चाक सोडून लांब पळ. तो उठला. मी म्हटलं, धुम्मस घेऊन जा. तो म्हणाला, आता धुम्मस घेऊन काय ठोकू. उर्मिलाताई म्हणाल्या, काका, आधी सही करा, दोन साक्षीदारांशिवाय कागद पक्का होत नाही. पंढरी म्हणाला, येऊन करतो.

लोकेशने बाइकची चावी घेतली होती. त्याला माझं पटलं की नाही, ठाऊक नाही. काकाला एवढंच म्हणाला, "आत्ता स्टेशनपलीकडे रिक्षा मिळणार नाही. बसा मागे." सरूबाई म्हणाली मी मिळेल त्या रिक्षाने येते आणि चप्पल हातात घेऊनच जिना उतरली.

उर्मिलाताईंचं म्हणणं, शेजारच्या कोणाचीही सही घेऊन कागद आजच पुरा करावा. त्या रागावल्या आहेत, आणि कायद्याने त्या बरोबर आहेत. मी नाही म्हटलं आहे. उद्या मी दवाखान्यातून परत आलो किंवा नाही आलो, त्या जागेवर दुसऱ्या कोणाची सही चालणार नाही. कागद अर्धाच राहिला तर अर्धा राहू द्या.

स्थळ: जेसल पार्क, भाईंदर पूर्व
दिनांक: ११ सप्टेंबर २०२५

लिहून देणार: कोंडिराम सटवाजी वाव्हळे (सही)

साक्षीदार १: सरूबाई जनार्दन पाटील, मोरवा, भाईंदर पश्चिम (सही)

साक्षीदार २: पंढरीनाथ सटवाजी वाव्हळे, तळ्यावरची खोली, मोरवा. सही बाकी. माणूस मोरी उघडायला गेला आहे.